इंडिपेंडंट ग्रुप अभ्यासायला घेताय? आधी रेशनिंग समजून घ्या

कलेतिहासाच्या एम.ए.ला मी ब्रिटिश पॉप आर्ट, म्हणजे जाहिराती-सिनेमासारख्या लोकप्रिय गोष्टींतून उभी राहिलेली कला, घेतलं, तेव्हा जो तो अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचंच नाव काढायचा. या विषयात नव्याने शिरणाऱ्यांना माझं सांगणं उलटं आहे. वॉरहॉलला थोडं थांबू द्या, आधी १९५२चं लंडन पाहा.

युद्ध संपून सात वर्षं झाली तरी मांस आणि साखर रेशनवर होती. रेशनिंग पुरतं उठलं जुलै १९५४मध्ये. अशा शहरात अमेरिकन मासिकातला भरलेला फ्रिज आणि क्रोमने लखलखणारी मोटार कशी दिसत असेल? डोव्हर स्ट्रीटवरच्या आयसीएत (इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स या कलासंस्थेत) जमणाऱ्या तरुण चित्रकार, वास्तुविशारद आणि समीक्षकांचं, म्हणजेच इंडिपेंडंट ग्रुपचं, कुतूहल इथून कळायला लागतं. १९५२मध्ये गटातल्या एदुआर्दो पाओलोझ्झी या कलाकाराने तिथे जाहिरातींची, मासिकांची पानं फारसं भाष्य न करता एकामागून एक पडद्यावर दाखवली. पुस्तकांत या एका बैठकीला जरा जास्तच भाव मिळतो, असं माझं मत.

मला नंतरचा खल महत्त्वाचा वाटतो. गटातला समीक्षक रेनर बॅनहॅम मोटारीच्या डिझाइनवर एखाद्या चित्रावर लिहावं तितक्या गांभीर्याने लिहीत होता. दुसरा समीक्षक लॉरेन्स ॲलोवे, त्याला अभिजात वर आणि लोकप्रिय खाली ही उतरंडच मान्य नव्हती. ॲलोवेचा १९५८चा कला आणि प्रसारमाध्यमांवरचा लेख छोटा आहे, सुरुवात त्याने करा.

गटातला चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनचं ते प्रसिद्ध कोलाज (कात्रणं चिकटवून केलेलं चित्र), हातात लॉलीपॉप घेतलेला पैलवान आणि टेबलावर हॅमचा डबा असलेलं, लंडनमध्ये शोधू नका. मूळ कृती जर्मनीत ट्युबिंगनला आहे. जेमतेम २६ सेंटिमीटर उंचीची! १९५६च्या व्हाइटचॅपल गॅलरीतल्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी आणि पोस्टरसाठी ती केली होती. कात्रणं शोधायला त्याची पत्नी टेरी हॅमिल्टन आणि चित्रकार मॅग्डा कॉर्डेल यांनी मदत केली, पण श्रेय देताना ही नावं सहज गळतात.

हॅमिल्टनचं जानेवारी १९५७चं वास्तुविशारद स्मिथसन दांपत्याला लिहिलेलं पत्रही वाचा. स्वस्त, क्षणिक, तरुण, चटपटीत अशी जी विशेषणांची यादी त्यात आहे, ती कॅनव्हासवरच्या चित्रांसाठी नाही. ती सिनेमा-जाहिरातींच्या दुनियेसाठी आहे. हे लक्षात न घेता लिहिलेले निबंध पुष्कळ दिसतात.

गटातला छायाचित्रकार नायजेल हेंडरसनची कागदपत्रं लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहेत. जायचं तर वेळ आधी ठरवून घ्या. आणि प्रबंधाला विषय हवा असेल, तर हॅमिल्टनवर ढीगभर लिहून झालंय, कॉर्डेलचा विचार करा.