हेल्थ इन्शुरन्स घेताना प्रीमियम नंतर बघा, आधी आजारी वर्षाचा हिशोब करा

पॉलिसी शोधताना सगळ्यात आधी नजर जाते ती प्रीमियमवर, आणि विकणारा पण तोच आकडा पुढे करतो कारण तो छोटा दिसतो. माझं म्हणणं, तो थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी बघा की ॲडमिट व्हायची वेळ आली तर खिशातून किती जाणार, कारण खर्चाचा भार नेमका कोणावर टाकलाय ते तिथंच कळतं.

आधी मूळ गणित बघू. समजा १०० जण आहेत, वर्षभरात त्यातले ५ जण ॲडमिट झाले, प्रत्येकाचं बिल १ लाख, म्हणजे एकूण ५ लाख, १०० जणांत वाटले तर डोक्यामागे ५ हजार. त्यावर कंपनीचे पगार, कमिशन, नफा चढवला की प्रीमियम झाला समजा ६,२५०, म्हणजे शंभरातले ८० उपचारांना गेले, २० कंपनी चालवायला. हे प्रमाण पॉलिसी घेण्याआधी जरूर शोधा. अमेरिकेत तर कायद्यानेच सांगितलंय की वैयक्तिक पॉलिसीत किमान ८० टक्के आणि मोठ्या ग्रुपमध्ये ८५ टक्के पैसे उपचारांवर आणि त्यांचा दर्जा सुधारण्यावर गेले पाहिजेत, नाहीतर फरक ग्राहकांना परत. अर्थात प्रमाण १०० च्या पुढे गेलेलं दिसलं तर लगेच खूश होऊ नका, कंपनी तोट्यात आहे आणि पुढच्या रिन्यूअलला प्रीमियम वाढायची शक्यता आहे.

आता धडधाकट माणूस म्हणतो मी कशाला भरू, आणि बाहेर पडतो. मग ग्रुपमध्ये आजारी जास्त उरतात, प्रीमियम वाढतो, आणखी काही धडधाकट बाहेर, परत वाढ, असं करत ग्रुपच बसतो. वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ काही आजारांचे पैसे मिळत नाहीत तो काळ, असतो तो यासाठीच, आजार झाल्यावर पॉलिसी घ्यायची आणि बरं झालं की सोडायची असं कोणी करू नये म्हणून. त्यामुळे तो दिसला की लगेच फसवणूक म्हणू नका, पण तो किती वर्षांचा आणि कुठल्या आजारांना लागू हे शब्द न् शब्द वाचा.

आता मुद्द्याचं. कागद घ्या आणि दोन पॉलिसींचं चांगलं वर्ष आणि वाईट वर्ष असं शेजारी शेजारी मांडा. पहिली पॉलिसी, प्रीमियम १२ हजार, डिडक्टिबल (कंपनी द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम) २० हजार, वर २० टक्के को-पे (उरलेल्या बिलातला तुमचा वाटा). दुसरी, प्रीमियम २० हजार, बाकी काही नाही. वाईट वर्षात बिल झालं २ लाख. पहिल्या पॉलिसीत आधीचे २० हजार तुमचे, उरले १ लाख ८०, त्याचे २० टक्के म्हणजे ३६ हजार पण तुमचे, झाले ५६, त्यात प्रीमियम मिळवला की ६८ हजार. दुसऱ्या पॉलिसीत तेच २० हजार. म्हणजे पहिली घेऊन चांगल्या वर्षात ८ हजार वाचतात आणि वाईट वर्षात ४८ हजार जास्त जातात, सहा चांगली वर्षं मिळाली तर एका वाईट वर्षाची भरपाई. तब्येत ठणठणीत आणि बाजूला ४८ हजार पडून असतील तर पहिली खुशाल घ्या.

पण ज्याला दरवर्षी ॲडमिट व्हावं लागतं त्याचं काय, त्याला चांगलं वर्ष येतच नाही! प्रीमियम सगळे मिळून भरतात, डिडक्टिबल आणि को-पे फक्त आजारी माणूस भरतो, त्यामुळे स्वस्त प्रीमियम म्हणजे बऱ्याचदा धडधाकटांचा खर्च आजाऱ्यांकडे सरकवलेला असतो. यावर उत्तर असतं की को-पे नसेल तर लोक उगाच डॉक्टरकडे जातील. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड या संशोधन संस्थेने यावर मोठा प्रयोग केला होता, त्यात खिशातून पैसे भरायला लागल्यावर लोकांचं उपचार घेणं कमी झालं हे खरं, पण बिनगरजेचे उपचार कमी झाले तसे गरजेचेही झाले. म्हणून मी थोडा को-पे समजू शकते, पण वरची मर्यादा नसलेला को-पे असेल तर ती पॉलिसी सोडा. वर्षाला खिशातून जास्तीत जास्त किती जाईल हा आकडा लेखी मागा.

वय वाढलं की प्रीमियम किती वाढवायचा, हा प्रश्न प्रत्येक देश वेगळा सोडवतो. स्वित्झर्लंडमध्ये मूळ विम्याला एका भागात एका कंपनीचा, त्याच प्लॅनचा प्रीमियम २६ च्या पुढच्या सगळ्यांना सारखा, अमेरिकेत वैयक्तिक पॉलिसीत वयस्कर माणसाला तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त लावता येत नाही, ऑस्ट्रेलियात हॉस्पिटलचा खाजगी विमा ३० नंतर घेतला तर उशिराच्या प्रत्येक वर्षामागे प्रीमियम २ टक्के जास्त. मला ऑस्ट्रेलियाची पद्धत पटते, म्हातारपणाचा दंड नाही, उशिरा येण्याचा आहे.

घरात भावंडं मिळून आईवडिलांचा प्रीमियम भरत असाल तर सरळ समान भाग पाडू नका, कमाईच्या प्रमाणात पाडा, आणि डिडक्टिबल कोण भरणार, कॅशलेस (कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला भरणं) नाही झालं तर डिपॉझिट कोणाच्या कार्डावरून जाणार हे आत्ताच फॅमिली ग्रुपवर लिहून ठेवा, ॲडमिशनच्या काउंटरवर उभं राहून तो विषय कोणी काढत नाही आणि मग जो तिथं हजर असतो तोच भरतो.