इलिनॉयमधली टाउनशिप : घराच्या करापासून व्हीलचेअरपर्यंत कोणतं काम तिथे होतं, कसं करून घ्यायचं

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल, ऑरोरा, बोलिंगब्रुक भागात घर घेतलेल्या मराठी माणसाला सिटी ठाऊक असते, काउंटी ठाऊक असते आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट तर घर बघायच्या आधीच पाठ झालेला असतो. टाउनशिपचं, म्हणजे काउंटीच्या आतल्या छोट्या स्थानिक सरकारचं, नाव कानावर पडतं ते बहुधा घराचं मूल्यांकन वाढल्याची नोटीस आल्यावर. तोवर हरकत घ्यायची मुदत सुरू झालेली असते, म्हणून ही माहिती हाताशी असलेली बरी.

इलिनॉयच्या 102 काउंटींपैकी 85 काउंटींत टाउनशिप आहेत. कायद्याने त्यांच्यावर मुख्यतः तीन जबाबदाऱ्या आहेत : मालमत्तेचं मूल्यांकन, गरजूंना आर्थिक मदत आणि सिटीच्या हद्दीबाहेरचे रस्ते. बाकीच्या सेवा ऐच्छिक आहेत, त्यामुळे त्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. सुपरवायझर आणि चार ट्रस्टी यांचं मंडळ कारभार बघतं. क्लार्क, असेसर (मूल्यांकन करणारा), हायवे कमिशनर हेही निवडून येतात. शाळा, नळाचं पाणी किंवा ड्रायव्हिंग लायसन्स यांच्यासाठी तिथे खेटे घालू नका.

आधी आपली टाउनशिप नक्की करा. पोस्टाच्या पत्त्यावरून ती कळत नाही. नेपरव्हिल शहर दोन काउंटींत पसरलेलं आहे आणि त्यातली घरं नेपरव्हिल, लाइल, व्हीटलंड अशा वेगवेगळ्या टाउनशिपमध्ये मोडतात. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर टाउनशिपचं नाव असतं आणि पार्सलचा (जमिनीच्या तुकड्याचा) नंबर, म्हणजे पिन, असतो. पुढच्या प्रत्येक कामाला तो पिन लागेल.

मूल्यांकन आणि हरकत

कुक काउंटी सोडून बहुतेक ठिकाणी घराचं मूल्यांकन बाजारभावाच्या एकतृतीयांश धरतात. 4,80,000 डॉलरचं घर असेल तर 1,60,000. तारीख धरतात त्या वर्षीच्या 1 जानेवारीची, आणि कर भरायचा पुढच्या वर्षी. म्हणजे 2026 मध्ये हातात आलेलं बिल 2025 च्या मूल्यांकनाचं असतं. बिल बघून तक्रार करायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो तो यामुळे. त्या वर्षाची मुदत केव्हाच संपलेली असते. कुकमध्ये मूल्यांकन काउंटीचा असेसर करतो आणि घरांसाठी प्रमाण 10 टक्के आहे. टाउनशिपचा असेसर तिथे अर्ज भरायला मदत करतो.

पहिलं काम : असेसरच्या वेबसाइटवर पिन टाकून आपलं प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्ड उघडा आणि ओळीओळीने तपासा. चौरस फूट, बाथरूम किती, बेसमेंट फिनिश्ड की नुसतं, डेक, फायरप्लेस, बांधकामाचं वर्ष. बेसमेंट कच्चं असताना फिनिश्ड लागलेलं असेल तर तेवढी चूक दाखवूनही काम होऊ शकतं. फोटो जोडून असेसरच्या ऑफिसला ईमेल करा. मूल्यांकन जाहीर होण्याआधी, शक्य तर वसंतातच गेलात, तर औपचारिक हरकतीची गरजही पडत नाही.

चूक नसेल आणि आकडाच जास्त वाटत असेल, तर तीन ते पाच तुलनेची घरं शोधा. त्याच नेबरहुडमधली, त्याच प्रकारची, साधारण तेवढ्याच क्षेत्रफळाची आणि वयाची. दुमजली घराची तुलना एकमजली रँचशी किंवा टाउनहाउसशी केली की तो कागद बाजूला पडतो. जमीन आणि इमारत यांचे आकडे वेगळे काढा, कारण प्लॉट मोठा असला की एकूण रक्कम फसवते. समजा तुमच्या 1,60,000 मध्ये जमिनीचे 40,000 आणि इमारतीचे 1,20,000 आहेत, घर 2,400 चौरस फूट आहे. म्हणजे इमारत फुटाला 50 डॉलर. शेजारची तशीच घरं 46 च्या आसपास असतील तर तुमची इमारत 1,10,400 हवी. फरक 9,600. एकूण कराचा दर 7 टक्के असेल तर वर्षाला 672 डॉलर. हा हिशोब एका पानावर, तक्त्यात मांडा. विक्रीच्या किमतींवर भर द्यायचा असेल तर 1 जानेवारीच्या जवळपासच्या, शक्यतो आधीच्या विक्री घ्या. घर नुकतंच घेतलं असेल तर क्लोजिंगचा, म्हणजे खरेदी पूर्ण झाल्याचा, कागद हा सर्वांत भक्कम पुरावा. साइट्सवरचे अंदाजे भाव पुरावा म्हणून टिकत नाहीत.

असेसरशी बोलून जमलं नाही तर काउंटीच्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडे हरकत. टाउनशिपचं मूल्यांकन वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवस मिळतात. ही तारीख प्रत्येक टाउनशिपची वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्या टाउनशिपमधल्या मित्राच्या तारखेवर विसंबू नका. बोर्डाचा निकाल पटला नाही तर राज्याच्या प्रॉपर्टी टॅक्स अपील बोर्डाकडे पुन्हा 30 दिवसांत जाता येतं. सुनावणीत ‘कर परवडत नाही’ हा मुद्दा मांडू नका. कराचा दर ठरतो तो शाळा, काउंटी, पार्क डिस्ट्रिक्ट वगैरेंच्या मागणीवरून. असेसर फक्त किंमत ठरवतो. बिलातला सर्वांत मोठा वाटा बहुधा शाळेचा, टाउनशिपची ओळ अगदी छोटी.

सवलती आपोआप लागतात असं धरून चालू नका. स्वतः राहत असलेल्या घराला जनरल होमस्टेड सवलत मिळते : ड्यूपेज, विल, केन, लेक, मॅकहेन्री या कुकला लागून असलेल्या काउंटींत मूल्यांकनातून कमाल 8,000 डॉलर वजा. सात टक्क्यांनी 560 डॉलर. घर घेतल्यावर ती आपल्या नावाने लागली आहे का, हे असेसरकडे विचारा, आणि घर भाड्याने दिलंत तर काढायलाही सांगा. मालक 65 वर्षांचा झाला की ज्येष्ठांची वेगळी सवलत मिळते. मात्र भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या, घरावर हक्क नसलेल्या आईवडिलांमुळे ती मिळत नाही. बेसमेंट फिनिश केल्याने किंवा खोली वाढवल्याने किंमत वाढली तर त्यातल्या 75,000 डॉलरपर्यंतच्या वाढीव बाजारभावावर चार वर्षं सूट आहे.

नवं कोरं घर घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिलं बिल बरेचदा रिकाम्या प्लॉटचं किंवा अर्धवट बांधकामाचं असतं. बँक त्यावरूनच एस्क्रो, म्हणजे हप्त्यासोबत करासाठी घ्यायची रक्कम, धरते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं आणि महिन्याचा हप्ता एकदम काहीशे डॉलरने वाढतो. असेसरला पूर्ण मूल्यांकन आधीच विचारा आणि फरकाची रक्कम बाजूला टाकत चला. कर मात्र टाउनशिपला नाही, काउंटी ट्रेझररकडे भरायचा.

मदत, साधनं, रस्ते

आईवडील येणार आहेत आणि गुडघे दुखतात? व्हीलचेअर विकत घेण्याआधी टाउनशिपला फोन करा. अनेक टाउनशिप व्हीलचेअर, वॉकर, शॉवरमधली खुर्ची उसनी देतात. राहण्याचा पुरावा म्हणून लायसन्स किंवा वीजबिल न्यायचं. ज्येष्ठांना दवाखान्यात नेणारी गाडीही बऱ्याच ठिकाणी असते, पण नाव आधी नोंदवावं लागतं. ऐन अपॉइंटमेंटच्या दिवशी फोन करून चालत नाही.

नोकरी गेली आणि भाडं थकलं तर टाउनशिपच्या सुपरवायझरचं ऑफिस गाठा. जनरल असिस्टन्स ही ज्यांना दुसऱ्या सरकारी योजनेतून रोख मदत मिळत नाही त्यांच्यासाठी. अचानक आलेल्या संकटासाठी इमर्जन्सी असिस्टन्स, जी सगळीकडे नसते. पैसे बहुधा थेट घरमालकाला किंवा वीज कंपनीला जातात. ओळखपत्र, भाडेकरार, बँकेचं स्टेटमेंट आणि थकबाकीची नोटीस सोबत न्या. एक कागद कमी पडला की अर्ज अडतो. ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असेल तर अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, कारण स्थानिक सरकारची रोख मदत त्यात तुमच्याविरुद्ध मोजली जाऊ शकते.

रस्त्यावरचा बर्फ, खड्डा, तुंबलेली चारी : बिलात सिटीच्या कराची ओळ असेल तर फोन सिटीला, नसेल तर टाउनशिपच्या हायवे कमिशनरला. त्यात राज्याचे आणि काउंटीचे मोठे रस्ते आणखी वेगळे.

दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी टाउनशिपची वार्षिक सभा भरते. आपल्या ग्रामसभेसारखे तिथे आलेले मतदार स्वतः हात वर करून ठराव करतात. विषय पत्रिकेवर आणायचा तर 15 नोंदणीकृत मतदारांनी 1 मार्चपर्यंत क्लार्ककडे लेखी द्यावं लागतं. एवढे मतदार एका मराठी मंडळाच्या संक्रांतीत भेटतात. मत फक्त नागरिकांना. एच-1बी किंवा ग्रीन कार्डावर असाल तर लायसन्स काढताना मतदार नोंदणीच्या प्रश्नाला चुकूनही ‘हो’ म्हणू नका. पुढे नागरिकत्वाचा अर्ज त्याच एका खुणेवर अडू शकतो.