वाचन उपक्रमासाठी निधी: आधी जवळचं दार ठोठावा

शाळेत वाचनाचा उपक्रम सुरू करायचा असेल तर आधी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतलं ग्रंथालय अनुदान तपासा. प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000 रुपयांपर्यंतची तरतूद असते. रक्कम छोटी आहे, पण हक्काची आहे.

त्यानंतर तालुक्यातली एमआयडीसी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करावे लागतात आणि त्यात परिसरातल्या कामांना प्राधान्य द्यायचं असतं. कोणती कंपनी आपल्या जिल्ह्यात शिक्षणावर खर्च करते, हे केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर दिसतं. स्वयंसेवी संस्थेमार्फत पैसे घ्यायचे असतील तर तिची सीएसआर-1 नोंदणी, म्हणजे असा निधी घेण्यासाठी लागणारी केंद्राकडची नोंदणी, आधी बघा. तिथेच बरेचदा गाडं अडतं.

अर्जात नुसतं 'पुस्तकं हवीत' लिहू नका. 'चौथीच्या 32 पैकी 14 मुलांना दुसरीचा उताराही सलग वाचता येत नाही' असं आपल्या वर्गाचं खरं चित्र द्या. पुस्तकांसोबत कपाट, बांधणी आणि वाचन घेणाऱ्या ताईंचं मानधनही अंदाजपत्रकात धरा. मानधन मागायला शाळा उगाच संकोचतात, माणूस नसला की पुस्तकं कपाटातच राहतात. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत जोडाच.