सत्तरला अडणारे फ्रेंच आकडे असे सुटले

आमच्या फ्रेंच क्लासमधली पोरं ६९ पर्यंत धडाधड म्हणायची आणि सत्तरला गाडी अडायची, कारण तिथून साठ अधिक दहा, साठ अधिक अकरा असं चालतं आणि ऐंशी म्हणजे चार वेळा वीस. मग आइस्क्रीमच्या काड्यांचे वीस-वीसचे गठ्ठे केले, रबर लावून. मी 'कात्र-व्हँ-दी-सेत' म्हटलं की गटाने चार गठ्ठे आणि सुट्ट्या सतरा काड्या उचलायच्या, आधी ९७ ओरडेल त्याला पॉइंट. ते जमल्यावर फक्त ६० ते ९९ ची हाउजी, आकडे पुकारणार पोरंच, तोंडातून काढणं हेच खरं अवघड ना! आता लाजरी पोरंसुद्धा पुकारायला भांडतात. काड्यांच्या खेळात ७१ आणि ९१ मुद्दाम पुन्हा पुन्हा आणा, ७१ मध्ये मधे 'ए' (म्हणजे 'आणि') येतो, ९१ मध्ये नाही, तिथे हमखास चुकतात.