रविवारी रानात जायचंय? मग शनिवारपर्यंत एवढं आटपा

तालमीच्या ग्रुपवर 'रविवारी दाजीपूर, कोण कोण येणार?' असा मेसेज पडला की दहा मिनिटांत चाळीस अंगठे वर होतात. पहिलं काम तिथंच आहे: यादी कापा. एका जाणत्या माणसामागे बारा-पंधरा जण, त्याहून जास्त नकोत. चाळीस जण एका वाटेनं निघाले की पुढच्या पाचांना गवा दिसतो आणि बाकीच्यांना पुढच्यांच्या पाठी. हौशी जास्त असतील तर दोन गट करा आणि दोन वेगळे रविवार धरा. लहान पोरं, गुडघे दुखणाऱ्या काकू आणि पहिल्यांदाच येणारे यांची सुरुवात कोल्हापुरातच कळंबा तलाव, रंकाळा नाहीतर शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून करा. थंडीच्या सकाळी तळ्याच्या काठानं तासभर फिरलं तरी वारकरी, शराटी, वंचक, खंड्या, जांभळी पाणकोंबडी अशी बरीच पाखरं भेटतात. उलट जंगलात पहिल्याच दिवशी काही दिसलं नाही की पोरं पुन्हा म्हणून येत नाहीत.

मग ऋतू बघा. दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्याचा भाग. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे रान १९८५ मध्ये वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं झालं. पावसाळ्यात आतली सफारी बंद असते, त्यामुळे जुलैत हट्ट धरण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते मे धरा आणि प्रवेश, गाडी, वाटाड्या यांची चौकशी वनखात्याकडे आठवडाभर आधी करा. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात बघावं. पाखरांसाठी थंडी. त्यातही ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा. शाळेतल्या पोरांना आणायचं तर हाच आठवडा बरा, सरही लगेच हो म्हणतात.

पायात काय घालायचं यावर मात्र भांडायची वेळ आली तरी भांडा. कोल्हापुरी चप्पल आपली शान असेल, पण ओल्या कातळावर ती घरी राहिलेली बरी. पक्के, सोल न झिजलेले बूट आणि घोट्याच्या वर येणारे मोजे. पावसात आंबा घाट किंवा गगनबावड्याकडे जाणार असाल तर पँट मोज्यात खोचायचीच, कारण तिकडे जळवा असतात. मोजे तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवण्याची जुनी युक्ती आजही चालते. एवढं करूनही जळू लागली तर किंचाळू नका आणि खस्सकन ओढू नका. बोटाचं नख कातडीला टेकवून तिच्या बारीक टोकाकडून हळूच सरकवायचं, म्हणजे ती सुटते. नंतर जखमेतून बराच वेळ रक्त येत राहतं. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाण्यानं धुवा, कापूस दाबून धरा आणि चालायला लागा.

कपडे मातकट, हिरवट रंगाचे. अत्तर नको. ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्याला स्टँडवरूनच परत पाठवा. यात दया दाखवू नका, भाऊ असला तरी.

पिशवीत दोन लिटर पाणी, टोपी, टॉर्च, शिट्टी, रोजची औषधं आणि एक कोरडा टॉवेल. दुर्बीण सगळ्यांकडे हवी असं नाही, गटात दोन-तीन पुरतात. नवीन घेणार असाल तर आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी) घ्या, जास्त ताकदीची हातात थरथरते. फोनमध्ये पाखरं ओळखायचं मर्लिन ॲप घेणार असाल तर भारतातल्या पाखरांची फाइल घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा, जंगलात रेंज शोधत बसू नका. जेवण म्हणजे भाकरी, पिठलं, खर्डा, प्रत्येकाची आपली स्टीलची ताटली. थर्माकोलच्या पत्रावळ्या नकोत, वेफर्सची पाकिटंही नकोत. मिसळ परत आल्यावर आहेच.

एका कागदावर तीन गोष्टी लिहून चालकाकडे द्या: सगळ्यांची नावं आणि घरचे नंबर, १०८, आणि वाटेतलं जवळचं सरकारी रुग्णालय. घोणस, मण्यार, नाग, फुरसं हे चारही आपल्या जिल्ह्यात आहेत. साप चावला तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, मंत्रवाला नाही. माणसाला हलू न देता थेट दवाखाना. एकटा फिरणारा गवा दिसला की फोटोसाठी पुढं सरकायचं नाही, हेही निघायच्या आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा. तो शांत चरतोय असं वाटतं तेव्हाच लोक फसतात.

पठारावर जाणाऱ्यांनी आणखी एक पाळायचं. सड्यावरची, म्हणजे कातळी पठारावरची माती काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसते, तेरडा आणि सीतेची आसवं त्यातच उगवतात. एका फोटोसाठी मांडी घालून बसलात की तेवढा तुकडा गेला. मळलेली वाट सोडू नका आणि कंद उकरू नका. कंदातून उगवणाऱ्या कंदीलपुष्पाच्या काही जाती याच सह्याद्रीत आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. आपल्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्या जपल्या जातायत. आणि उत्साहाच्या भरात पठारावर झाडं लावू नका. ते माळरानच आहे, उजाड जागा नव्हे. झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी, गावाच्या हद्दीत, करंज, जांभूळ, उंबर अशी लावा. खड्डे मेमध्ये, रोपं पहिल्या चांगल्या पावसानंतर, आणि फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवून. नाव ठरत नसेल तर रोपांची संख्या कमी करा. शंभर लावून नव्वद वाळवण्यापेक्षा दहा जगवा.

तळ्याची सफाई करणार असाल तर तयारी वेगळी. जलपर्णी जानेवारी ते मे या काळात काढा. पावसाळ्यात तिच्यावर पाणकोंबड्या आणि कमळपक्षी घरटी करतात, तेव्हा हात लावू नये. पाण्यात उतरणारे फक्त पोहता येणारे, तेही गमबूट आणि रबरी हातमोजे घालून. पायाला जखम असलेल्यानं काठावरच राहावं, घाण पाण्यातून लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) होतो. झाड मुळासकट ओढा. तुटलेला तुकडा पाण्यात राहिला की त्याचं पुन्हा रोप होतं. काढलेला ढीग काठापासून लांब टाका, नाहीतर पहिल्या पावसात तो परत तळ्यात. महापालिकेच्या आरोग्य विभागाला चार दिवस आधी पत्र द्या आणि त्याच दुपारी गाडी येईल याची फोनवर खात्री करून घ्या. गाडी आली नाही तर आठवडाभर कुजत पडलेल्या ढिगाबद्दल शिव्या मंडळालाच खाव्या लागतात.

घरी आल्यावर पाखरांची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर त्याच रात्री टाका. घुबडाचं घरटं किंवा दुर्मीळ फूल सापडलं असेल तर फोटो टाका, पण ठिकाण लिहू नका. हातमोजे साबणानं धुऊन वाळत घाला, गमबुटातलं पाणी उपडं करा, आणि दुर्बीण ज्याची त्याला सोमवारीच पोचवा, नाहीतर पुढच्या वेळी तो देणार नाही.