घरी काडतुसं भरायची? आधी टेबल नीट बांधा

अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर नियमित जाणारे बरेच जण झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून घरी आणतात. पुंगळी साफ करायची, डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून, काढून मूळ मापात आणायची, नवा प्रायमर (ठिणगी देणारी बुडाची छोटी टोपी) बसवायचा, मोजून बंदुकीची पावडर घालायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. याला रीलोडिंग म्हणतात. नवखे लोक प्रेस (हँडल ओढून पुंगळी डायमध्ये दाबणारं यंत्र) कुठली घ्यावी यावर महिनाभर खल करतात आणि मग ती घरातल्या एखाद्या जुन्या टेबलावर ठोकून मोकळे होतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. टेबल हललं की प्रेस हलते, तराजू हलतो आणि माणसाचं लक्षही हलतं.

टेबलाच्याही आधी कायदा बघा. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हा लेख गावाकडच्या घरासाठी नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला संघराज्य सरकारचा परवाना लागत नाही. धंदा म्हणून विकायची असतील तर लागतो. पण आपल्या लोकांसाठी एक मोठी मेख आहे. एच-1बी किंवा एफ-1 सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगायला बंदी आहे. चालू हंटिंग लायसन्ससारखे थोडेच अपवाद आहेत. शिवाय कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे. रिकामी पुंगळी, प्रायमर, पावडर, गोळी हे सगळं त्यात आलं. ‘अजून काही भरलेलं नाही’ हा बचाव चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही, तरी राज्याचे नियम, भाडेकरार आणि घराचा विमा एकदा वाचून घ्यावा.

आता जागा. बेसमेंट किंवा गॅरेजचा कोपरा चांगला, पण गॅसची फर्नेस, वॉटर हीटर आणि ड्रायर यांच्यापासून लांब. कार्पेट नको. सांडलेली पावडर आणि शिशाची धूळ त्यात अडकून राहते, आणि कोरड्या हिवाळ्यात अंगावर स्थिर वीजही साठते. सिमेंटची किंवा व्हिनाइलची जमीन झाडायला सोपी. दाराला कुलूप लागत असेल आणि लहान मुलांची ये-जा नसेल तर उत्तम.

टेबल 5 ते 6 फूट लांब आणि 2 फूट खोल पुरतं. त्याहून खोल केलं तर मागचा भाग अडगळीने भरतो. बसून काम करणार असाल तर साधारण 30 इंच उंची आणि उभ्याने करणार असाल तर 40 इंचांच्या आसपास. पायांना 4 बाय 4 चे चौकोनी वासे घ्या आणि चौकटीला 2 बाय 4. ही नुसती नावं आहेत. दुकानात मिळणारं 2 बाय 4 प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं, तेव्हा माप घेऊनच कापा. वरच्या फळीसाठी पाऊण इंची प्लायवुडचे दोन थर एकमेकांना चिकटवून स्क्रूने आवळा. एकाच थरावर समाधान मानू नका, प्रेसखाली तो लवतो.

मग टेबल भिंतीला बांधा. हा टप्पा टाळायचा मोह होतो, पण प्रेसचं हँडल जोरात खाली ओढलं की सगळं टेबल पुढे झुकू पाहतं. अमेरिकन घरांच्या भिंतीत लाकडी स्टड, म्हणजे उभे वासे, बहुतेक वेळा 16 इंचांच्या अंतरावर असतात. ते शोधून मागची चौकट लॅग स्क्रूने (जाड, लांब लाकडी स्क्रू) त्यातच पक्की करा, वरच्या नुसत्या ड्रायवॉलमध्ये, म्हणजे जिप्समच्या पत्र्यात, नको. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नसतील तर खाली एक फळी टाकून तिच्यावर वाळूच्या पिशव्या किंवा गोळ्यांचे जड खोके ठेवा. शेवटी वर पाणसळ ठेवून बघा, कारण तराजूला सपाट जागा लागते.

प्रेस बसवताना भोकं पाडायची घाई करू नका. ती टेबलाच्या काठावर, शक्यतो पायाच्या जवळ, क्लॅम्पने धरा आणि हँडल पूर्ण खाली-वर करून बघा. हँडल काठाला आपटत नाही ना, गुडघ्याला लागत नाही ना, आणि बोल्ट नेमका चौकटीच्या लाकडात घुसून नट लावायला जागाच उरत नाही असं तर होत नाही ना? खात्री झाली की आरपार बोल्ट घाला आणि खालून मोठे वॉशर किंवा लोखंडी पट्टी लावा. लाकडी स्क्रू काही दिवसांत सैल होतात. पहिली प्रेस सिंगल-स्टेज घ्या, म्हणजे एका वेळी एकच काम करणारी. प्रोग्रेसिव्ह प्रेस दर ओढीला एक काडतूस देते खरी, पण एकाच वेळी चार-पाच ठिकाणी काय चाललंय हे बघायची सवय आधी हवी. बहुतेक डायचे आटे एकाच मापाचे, सात अष्टमांश इंचाचे असल्यामुळे पुढे प्रेस बदलली तरी डाय वाया जात नाहीत.

तराजू प्रेसच्या टेबलावर ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. भिंतीवर वेगळी छोटी फळी ठोका. साधा दांडीचा तराजू असेल तर ती डोळ्यांच्या पातळीवर असावी. वर एसीचा झोत किंवा पंखा नको. पावडर ग्रेनमध्ये मोजतात आणि 7000 ग्रेनचा एक पौंड होतो; इतक्या बारीक मापाला वाऱ्याची झुळूकही पुरते. उजेड वरून आणि थोडा पुढून यावा, म्हणजे तुमच्या डोक्याची सावली हातांवर पडत नाही.

मांडणी हातांच्या क्रमाने करा: एका बाजूला रिकाम्या पुंगळ्या, मध्ये प्रेस, दुसऱ्या बाजूला पावडर भरलेल्या पुंगळ्या उभ्या करायचा भोकांचा ठोकळा. पावडरचा एका वेळी एकच डबा टेबलावर, बाकीचे कपाटात. पिस्तुलाच्या कित्येक पावडरी इतक्या कमी लागतात की अर्धी पुंगळीही भरत नाही. त्यामुळे चुकून दोनदा घातली तरी ती आत मावते आणि बंदूक फुटू शकते. पावडर पडलीच नाही तर गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी झाडली की तोच प्रसंग. म्हणून गोळ्या बसवण्याआधी ठोकळ्यातली प्रत्येक पुंगळी टॉर्चने बघायची. टेबलावर फोन नको, टीव्ही नको. पावडरचं प्रमाण कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्या, मित्राच्या वहीतून नाही.

साठवणीबाबत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या 495 क्रमांकाच्या नियमावलीत घरासाठी मर्यादा आहेत: बिनधुराची पावडर 20 पौंडांपर्यंत मूळ डब्यात, त्यापुढे 50 पौंडांपर्यंत किमान इंचभर जाडीच्या लाकडी पेटीत, आणि प्रायमर 10,000. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. पावडर बंदुकीच्या पोलादी तिजोरीत ठेवू नका. मोकळ्यावर ती नुसती भसकन जळते, घट्ट कोंडली तर स्फोट होतो. प्रायमरही त्यांच्या मूळ खोक्यातच राहू द्या. बरणीत एकत्र ओतले तर एक उडाला की सगळे उडतात.

काम चालू असताना चष्मा डोळ्यांवर हवा आणि खाणंपिणं टेबलापासून दूर. संपल्यावर उरलेली पावडर लगेच तिच्याच डब्यात परत ओता, रात्रभर मापयंत्रात ठेवू नका. सांडलेली ब्रशने गोळा करा. व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीत ठिणगी असते. मग हात साबणाने धुवा, कारण प्रायमरच्या राखेत शिसं असतं. पुंगळ्या साफ करायचा टम्बलरही त्याचसाठी स्वयंपाकघरात नको. अग्निशामक दाराजवळ लावा, पण तो लाकूड-कागदाच्या आगीसाठी. पावडर स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच बाळगते, तिची आग दाबून विझत नाही. तिने पेट घेतला तर सगळं सोडून बाहेर पडा आणि 911 ला फोन करा.