मोटरहोममधलं पिण्याचं पाणी: आरओ बसवायच्या आधी या चुका टाळा

टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर अर्बानियाची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, करून घेतली की पाण्याबद्दल लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, आरओ कुठला बसवू? माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे, आधी सांगा पाणी भरता कुठल्या पाइपने? कारण नवी मुंबईत येणारं मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन क्लोरीन घालून येतं, ठाण्यात भातसा नाहीतर एमआयडीसीकडून बारवीचं, तेही तसंच, म्हणजे पालिकेच्या लाइनपर्यंत बहुतेक वेळा पाणी ठीकच असतं. बिघडतं ते नंतर, आपण ते कुठल्या तरी पाइपने ओढतो, बंद टाकीत कोंडतो आणि गाडी आठवडाभर उन्हात उभी ठेवतो तेव्हा. हे एकट्या फिल्टरने सुटत नाही.

सोसायटीचा हिरवा पाइप

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. वॉशिंग पॉइंटला तो हिरवा पाइप वर्षानुवर्षं पडलेला असतो, त्याने गाड्या धुतात, कुंड्यांना पाणी घालतात, त्याचं तोंड गटाराच्या जाळीवर लोळत असतं आणि आपण तोच उचलून थेट फ्रेश वॉटर, म्हणजे वापरायच्या स्वच्छ पाण्याच्या, टाकीत खुपसतो. आत बोट घालून बघा, बुळबुळीत थर लागेल. तो थर म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती बांधलेलं घर, नळातलं थोडंसं क्लोरीन त्याच्या आत पोचतच नाही. शिवाय बागेचा पाइप उन्हात तापला की प्लास्टिकचा वास पाण्यात उतरतो तो वेगळाच.

उपाय महाग नाहीये. फूड ग्रेडचा स्वतःचा पाइप घ्या, गरजेपुरताच लांब, वापरून झाला की उंच धरून पूर्ण निथळू द्या, दोन्ही तोंडांना टोपण लावा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. टॉयलेटची कॅसेट (मैला साठवायची काढता येणारी टाकी) धुवायचा पाइप दुसऱ्या रंगाचा आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला, एकाच कप्प्यात दोन्ही ठेवले तर घाईत काय होतं ते सांगायला नको. भरताना पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडवायचं नाही, वर हवेत ठेवायचं, नाहीतर प्रेशर गेलं की टाकीतलं पाणी उलटं ओढलं जातं. आणि नळ आधी मिनिटभर नुसता वाहू द्या. वॉचमन काका वैतागतात, वैतागू दे, ते पाणी बादलीत धरून झाडांना घातलं की गप्प बसतात.

कुठलं पाणी, कुठल्या दिवशी

वॉशिंग पॉइंटच्या नळाला पालिकेचं पाणी येतं असं आपण धरून चालतो, पण बऱ्याच ठिकाणी ते गच्चीवरच्या टाकीतलं असतं, आणि घोडबंदर रोडला उन्हाळ्यात त्या टाकीत टँकरचं पाणीही मिसळलेलं असतं, ते बोअरचं की कुठलं हे टँकरवाल्यालाच माहीत. सोसायटीत पालिकेच्या लाइनवर थेट नळ असेल तर भरायला तोच बरा. शटडाऊन, म्हणजे पालिकेने पाणी बंद ठेवल्यानंतर, पाणी परत सुरू होतं तेव्हा पहिला काही वेळ ते गढूळ येतं, लाइन रिकामी झालेली असते आणि बाहेरची घाण आत यायची शक्यताही तेव्हाच जास्त, त्यामुळे शटडाऊनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरून माळशेजला निघायचा प्लॅन असेल तर आदल्या आठवड्यातच भरण्याऐवजी प्लॅन एक दिवस पुढे ढकला.

टीडीएस मीटरवर विश्वास

हा एक गैरसमज इतका पसरलाय की विचारू नका. खिशातून पेनासारखा मीटर काढायचा, पाण्यात बुडवायचा, ७० आकडा आला की "एकदम शुद्ध आहे" म्हणून मोकळं व्हायचं. अहो, तो मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. जंतू त्याला दिसत नाहीत. कॉलऱ्याचं पाणीसुद्धा ७० टीडीएसचं असू शकतं. भारतीय मानकात टीडीएसची पसंतीची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडचं धरणाचं पाणी साधारण त्याच्या बरंच खाली असतं, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओला बंदी घाला. घरात एक वेळ चालून जाईल, गाडीत मात्र आरओ म्हणजे १०० लिटरच्या टाकीतलं निम्म्याहून जास्त पाणी ग्रे वॉटरमध्ये (सांडपाण्याच्या टाकीत) ओतणं, वर पंप चालवायला बॅटरी खाणार. कोकणात समुद्राकाठच्या खाऱ्या विहिरीचं पाणी गोड करायचं असेल तर आरओला अर्थ आहे, पण ते पाणी भरायचं तरी कशाला हा माझा प्रश्न.

कार्बन फिल्टर चव सुधारतो, वास काढतो, पण तो क्लोरीनही काढून घेतो, म्हणजे फिल्टरनंतरच्या पाइपात पाण्याला काही संरक्षणच उरत नाही, म्हणून तो नळाच्या अगदी जवळ बसवायचा आणि काडतूस ज्या त्या वेळी बदलायचं. यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा) चांगला, पण पाणी नितळ असेल तरच, गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत.

टाकी "स्वच्छच आहे"

नवी गाडी आली तेव्हा, पावसाळाभर उभी राहिल्यावर आणि एरवी साधारण सहा महिन्यांनी टाकी क्लोरीनने धुवायची. हे बहुतेकजण करत नाहीत, किंवा टाकी करतात आणि पाइपलाइन विसरतात.

प्रमाण सोपं आहे. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, बिनवासाचं, रंग किंवा साबण नसलेलं, लिटरमागे १ मिली. १०० लिटरच्या टाकीला १०० मिली. त्याने पाण्यात ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम, क्लोरीन होतं. आधी कार्बनचं काडतूस आणि आरओ असेल तर त्याची गाळणारी पातळ पडदी, मेंब्रेन, काढून ठेवा, क्लोरीनने मेंब्रेन जातो. हायपोक्लोराइट बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत ओता, टाकी पूर्ण भरा, पंप चालू करून एकेक नळ उघडा, गरम बाजूचा, शॉवरचा, बाहेरचा असेल तो पण, क्लोरीनचा वास आला की बंद करा. गीझर बंदच ठेवा, पण त्यातून पाणी जाऊ द्या. मग चार तास तसंच. नंतर सगळं सोडून द्या, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, खाडीत किंवा झाडात नाही, आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने भरून रिकामी करत राहा. स्टीलची टाकी असेल तर रात्रभर क्लोरीन ठेवू नका, स्टीलला डाग आणि गंज पडतो.

एक गोष्ट मात्र खरंच लक्षात ठेवा. कोविडमध्ये सोसायट्यांनी हायपोक्लोराइटचे कॅन भरून आणले होते, त्यातला एखादा अजून मीटर रूममध्ये सापडतो, "अरे हेच वापर ना" म्हणून कुणीतरी देतोच. नको. हे द्रावण उष्णतेने कमजोर होत जातं, इतक्या वर्षांत त्यात किती जोर उरलाय ते काहीच सांगता येणार नाही. आणि क्लोरीनच्या जोडीला टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा क्षार काढायचं अॅसिड कधीच घालायचं नाही, विषारी वायू होतो, आणि गाडीच्या बंद जागेत तो जिवावर बेतेल.

तुरटी, टीसीएल आणि अंदाजपंचे थेंब

तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं, गाळ खाली बसतो. जंतू मरत नाहीत. तुरटीनंतर वरचं पाणी काढून उकळायचं किंवा क्लोरीन घालायचं, तरच पूर्ण झालं. गावाकडे विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर गाडीच्या टाकीत टाकू नका, त्यात चुना असतो, तो खाली बसतो आणि पंपाची जाळी चोंदते.

बाहेरचं पाणी भरावंच लागलं तर लिटरला ५ टक्केवाल्या हायपोक्लोराइटचे २ थेंब, ढवळून अर्धा तास थांबायचं, त्यानंतर हलका क्लोरीनचा वास यायला हवा, आला नाही तर परत तेवढेच थेंब आणि पंधरा मिनिटं. मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या असतील तर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा, ब्रँडप्रमाणे ते बदलतं. उकळणं सगळ्यात भरवशाचं, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. २००० मीटरच्या वर ते तीन मिनिटं करायला सांगतात, पण आपलं सर्वात उंच कळसूबाईच १६४६ मीटर आहे, त्यामुळे महाराष्ट्रात गॅस जास्त जाळायची गरज नाही.

प्यायचं पाणी वेगळं ठेवा

माझं मत विचाराल तर टाकीचं पाणी भांडी-अंघोळीला आणि प्यायचं वेगळं, तोटीच्या स्टीलच्या पिंपात किंवा जारमध्ये. घरून गाळलेलं-उकळलेलं भरून न्या. वाटेत जार घ्यायचा असेल तर सीलबंद, आयएसआय मार्कचा, त्यावर आयएस १४५४३ लिहिलेलं असतं. नाक्यावर मिळणारा थंडगार पण सील नसलेला जार म्हणजे कुणीतरी भरलेलं पाणी, एवढंच. भांडं बुडवून पाणी काढायची सवय मात्र सोडा, पिकनिकला आलेल्या दहा जणांचे हात त्यात जातात.

काहीतरी बिघडलंय, काय ते ओळखायचं कसं

सडक्या अंड्याचा वास फक्त गरम पाण्याला असेल तर गीझर बघा, अॅनोड रॉडवाल्या (टाकी गंजू नये म्हणून आत धातूची कांडी असलेल्या) गीझरमध्ये साचलेल्या पाण्यात जंतू हा वायू करतात, गीझर रिकामा करून क्लोरीनचा वर सांगितलेला प्रकार त्यातूनही फिरवा. दोन्ही नळांना वास असेल तर टाकीच.

हिरवट छटा म्हणजे शेवाळं, म्हणजे टाकीला किंवा पारदर्शक पाइपला उजेड मिळतोय. धुवून झाल्यावर झाका, नुसतं धुतलं तर महिन्याभरात परत येतं. प्लास्टिकचा वास नव्या टाकीला येतो, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने एक-दोन वेळा धुतला की कमी होतो. पांढरे कण दिसले तर बहुतेक क्षार, बोअरचं पाणी भरलेलं असणार. नळ बंद असताना पंप मधेच टकटक चालू होतोय तर कुठेतरी गळती आहे, आणि गळतीची ओली जागा लाकडी फर्निचरच्या मागे असली की बुरशी लागते. नळातून हवा-पाणी अडखळत येत असेल तर आधी पंपापुढची छोटी जाळी काढून बघा, निम्म्या वेळा तिथेच कचरा असतो.

टाकीच्या हवा जायच्या नळीला बारीक जाळी आहे ना तेही तपासा. डासाला एवढीशी वाट पुरते, आणि ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्यात डेंग्यूची माणसं काही कमी नसतात. ट्रिपवरून आलात की अर्धी टाकी ठेवून देऊ नका, सगळं सोडून द्या, खालचा व्हॉल्व्ह उघडा राहू दे आणि त्याच्याही तोंडाला जाळी बांधा.

मनात शंका राहिलीच तर दोन स्वस्त चाचण्या आहेत. ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाकून पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी बिनरंगीच राहिलं तर नाही, आणि भारतीय मानकात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर अपेक्षित आहे. दुसरी ती जंतू तपासायची छोटी एच टू एसची बाटली, टाकीतलं पाणी भरून एक-दोन दिवस घरात ठेवायची, काळी पडली तर त्यात शौचाशी संबंधित जंतू असायची दाट शक्यता, मग ते पाणी कुणाला देऊ नका, चहाला पण नाही, टाकी रिकामी करा आणि क्लोरीनने परत धुवा. निघायच्या दोन दिवस आधी ती बाटली भरून ठेवली तर नेमका निघताना निकाल हातात असतो.